पाट आणि सतरंजी
लॅपटॉपची बॅग झटकताना परवा दर्भाची एक वाळकी काडी पडली आणि पंचवटीतल्या एका गुरुजींची अरुंद खोली आठवली. त्यांच्याकडे पूजेला येणाऱ्या यजमानांसाठी मी वेबसाइट केली होती. पानावर दोन चौकटी शेजारी शेजारी होत्या, डावीकडे पूजांची नावं आणि उजवीकडे फोन नंबर. इंदिरानगरला माझ्या मोठ्या स्क्रीनवर ते छान दिसायचं. गुरुजींच्या छोट्या मोबाइलवर मात्र नंबर कडेच्या बाहेर जायचा. "आठ दिवस झाले, एक फोन नाही," ते म्हणाले. मी त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून अक्षरं बारीक केली, मधली जागा कमी केली, तरी नंबर आत येईना. तेवढ्यात जळगावकडचं एक कुटुंब पूजेला आलं. माणसं आठ होती आणि खोलीत पाट पाचच मावत होते. गुरुजींनी पाट उचलून भिंतीला लावले, सतरंजी अंथरली आणि सहज म्हणाले, "पाट अंग चोरून बसत नाही, माणूस बसतो." मी स्क्रीनकडे पाहिलं. चौकटी मुळात लवचिकच होत्या, पण यापेक्षा लहान व्हायचं नाही अशी किमान रुंदी प्रत्येकीला मीच देऊन ठेवली होती. कोडमधली ती ओळ काढली. दोन्ही चौकटी अंग चोरून बसल्या आणि नंबर आत आला. दाखवायला मी मोबाइल पुढे केला, पण गुरुजींची नजर सतरंजीवर होती. "सगळे बसले का?" त्यांनी विचारलं आणि संकल्प सुरू केला. हल्ली कुठलंही पान झालं की मी ते आधी सगळ्यात लहान फोनवर उघडतो आणि तेवढंच विचारतो.