पेटीत न टाकलेली चिठ्ठी

मला प्रार्थना करता येत नाही, हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळलं. त्याआधीची तीस वर्षं मी आमच्या चर्चच्या मंडळीत प्रार्थनेसाठीच प्रसिद्ध होतो. चांगल्या अर्थाने की कसं, ते मंडळीतल्या लोकांना विचारावं लागेल.

नागापूरच्या एमआयडीसीत मी लेथवर काम करतो. तिथे माप केसाएवढं जरी चुकलं तरी जॉब, म्हणजे कातलेला तुकडा, बाद होतो, त्यामुळे कामात माझा हात काटेकोर आहे. प्रार्थनेत मात्र माझं माप कधी बसलं नाही. 'हे प्रेमळ पित्या' म्हणून सुरुवात केली की आधी पाऊसपाणी, मग शेतकरी, कामगार, परीक्षेला बसलेली मुलं, सरकार, सरहद्दीवरचे जवान असं सगळं घेत घेत मी मूळ कारणापर्यंत यायचो. एका नव्या घराच्या प्रार्थनेत यजमानांचे वडील, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, बसल्या जागी झोपले आणि सगळ्यांच्या 'आमेन'ने दचकून म्हणाले, "हो हो, चहा चालेल." माझी बायको करुणा तर घरी मी डोळे मिटायच्या आत उठून गॅस बंद करून यायची. "दुधाला तुमच्या भक्तीची कल्पना नसते," असं तिचं म्हणणं.

आमच्या चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे. ज्याला काही अडचण असेल त्याने ती चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायची. रविवारी उपासनेत त्या चिठ्ठ्या वाचल्या जातात आणि सगळी मंडळी मिळून प्रार्थना करते. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची आटलेली म्हैस. एकदा एका विद्यार्थ्याने गणिताच्या मास्तरांची बदली व्हावी म्हणून विनंती टाकली होती, ती मी 'शिक्षणक्षेत्रासाठी' म्हणून वाचली. होय, चिठ्ठ्या वाचायचं काम माझ्याकडेच आहे. वाचताना आवाज कसा लावायचा, कुठे थांबायचं, हे मला चांगलं जमतं. जरा जास्तच चांगलं जमतं, हे आता कळतंय.

गेल्या वर्षी नाताळ उरकला आणि करुणाचं पोट दुखायला लागलं. आधी आम्ही ते नाताळच्या करंज्यांवर ढकललं. मग सोनोग्राफी झाली, आणखी तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी टेबलावरची पेन्सिल सरळ ठेवत सांगितलं की गाठ आहे, मोठी आहे, कसली आहे ते काढल्यावरच कळेल. शिवाय तिचं हृदय थोडं कमजोर असल्यामुळे भूल देण्यातही धोका आहे. मी मान हलवत राहिलो. बाहेर आल्यावर करुणाच मला रिक्षात बसवून घरी घेऊन आली.

शनिवारी संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, उद्या माझ्या नावाची चिठ्ठी टाका ना पेटीत."

"कशाला उगाच गावभर करायचं? मी आहे ना. आपल्या घरातलं आपण बघू."

"तुम्ही आहात, ते माहीत आहे मला. पण बाकीचे काय परके आहेत?"

मी काहीतरी बोलून विषय बदलला. खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं, फक्त मी त्याच्याकडे बघत नव्हतो. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचणाऱ्याने स्वतःची चिठ्ठी टाकायची म्हणजे डॉक्टरने केसपेपर काढून रांगेत बसण्यासारखं होतं. शिवाय ज्याच्या प्रार्थनेवर लोक विसंबतात त्याच्याच घरात हे, असं कुणी म्हणेल की काय, ही भीती. आमच्यात कुणाचं ऑपरेशन असलं की निम्मी मंडळी हॉस्पिटलात हजर असते. मी मात्र पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या पास्टरांनाही काही सांगितलं नाही. त्या रविवारी मी अकरा चिठ्ठ्या वाचल्या आणि सर्वांसाठी भरघोस प्रार्थना केली. करुणा बायकांच्या बाजूला खाली मान घालून बसली होती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिला न्यायला आले. आमची मुलगी पुण्याहून निघाली होती, पण शिरूरच्या पुढे गाड्या अडकल्या होत्या. त्यामुळे करुणाजवळ मी एकटाच. वॉर्डबॉय म्हणाला, "काका, काय प्रार्थना वगैरे करायची असेल तर करून घ्या, पण पटकन." मी स्ट्रेचरच्या दांडीवर हात ठेवला. घसा साफ केला. "हे प्रेमळ पित्या," म्हणालो.

आणि पुढे काही नाही. तीस वर्षांचे शब्द जणू कुणी झाडून नेले होते. मी पुन्हा म्हणालो, "हे प्रेमळ पित्या." तोंड उघडं, डोळे मिटलेले, आत नुसता खडखडाट. किती वेळ गेला कोण जाणे. मग करुणाचाच आवाज आला.

"आमेन," ती म्हणाली. "चला हो दादा, ढकला." आणि माझ्या हातावर थोपटून म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा छोटी केलीत."

दार बंद झालं.

मी बाहेरच्या बाकावर बसलो. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. गुडघा दुखणाऱ्यांसाठी मी पंधरा पंधरा मिनिटं देवाशी बोललो होतो आणि बायकोसाठी मला एक वाक्य मिळालं नाही. आत तिला काही झालं असतं, तर तिने माझ्या तोंडून ऐकलेली शेवटची प्रार्थना ही अशी अर्धवट असती. मी ठरवलं, निदान पाठ असलेलं तरी म्हणू. प्रभूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना आमच्यात लहान लेकरालाही येते. स्वर्गातल्या बापापासून सुरुवात केली. त्याची इच्छा पूर्ण होवो, इथे पोहोचलो आणि अडखळलो, कारण त्याची इच्छा काय असेल याचीच मला भीती वाटत होती. तरी पुढे रेटलं. मग रोजची भाकर मागायची ओळ आली आणि तिथून पुढचं गेलं ते गेलंच. चोपन्न वर्षांचा माणूस भाकरीपाशी अडकून बसला.

"दादा, भाकर खाता का?"

मी दचकून बघितलं. शेजारी साठीच्या आसपासची एक बाई बसली होती. उन्हाने रापलेला चेहरा, डोक्यावर पदर, मांडीवर फडकं सोडलेलं, त्यात बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मी चमत्कारांच्या बाबतीत सावध माणूस आहे. तिने जेवणाच्या वेळेला गाठोडं सोडलं होतं आणि शेजारचा माणूस तिला उपाशी दिसला होता, एवढंच. पण माझ्या अंगावर काटा आला, तेही खरंच आहे.

"उपास आहे," मी म्हणालो.

"कसला?"

"आत बायकोचं ऑपरेशन चाललंय."

"मंग तिनं उपाशी ऱ्हायचं, डाक्टर सांगतो म्हनून. तुमाला कुनी सांगितलंय?"

तिने भाकरीचा अर्धा चतकोर माझ्या हातावर ठेवला आणि मी तो लहान मुलासारखा खाल्ला. खाता खाता तिला सगळं सांगून टाकलं. गाठ, भूल, हृदय, पेटी, न टाकलेली चिठ्ठी. जे पाळकसाहेबांना सांगितलं नव्हतं ते एका अनोळखी बाईला सांगत होतो आणि चटणीने डोळ्यांत पाणी आलंय असं दाखवत होतो.

ती पाथर्डीकडची होती. दरवर्षीप्रमाणे कोपरगावच्या बाजूला ऊसतोडीला आलेली. तिच्या मुलाचा पाय ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ऊस भरताना चेंगरला होता, म्हणून त्याला इकडे पाठवलं होतं. तोही दुसऱ्या खोलीत टेबलावर होता. पाय राहतो की जातो, कुणी सांगत नव्हतं.

"तुमी किरिस्ताव ना?" माझ्या हातातल्या काळ्या पुठ्ठ्याच्या बायबलकडे बघून तिने विचारलं. "आमच्या वाडीशेजारी हायेत तुमच्यातली घरं. कुनाचं दुखलं खुपलं की लई मानसं जमत्यात. तुमच्याकडं कुनीच कसं न्हाई आलं?"

"मीच सांगितलं नाही."

ती काही वेळ चटणीचं बोट फडक्याला पुसत राहिली. मग म्हणाली, "दादा, उसाची मोळी बांधाया समद्यांना येती. पन डोक्यावर चढवाया दुसऱ्याचा हात लागतो. एकटा उचलाया गेला की कंबर तरी मोडती न्हाईतर पाय तरी घसरतो. माझ्या नवनाथनं त्येच केलं बघा. म्या म्हनलं, थांब, हात लावते. तर म्हनला, कशाला, मी हाय की."

मी आहे ना. शनिवारी संध्याकाळी मी हेच म्हणालो होतो.

"असं करू," ती म्हणाली, "तुमी माझ्या नवनाथसाठी मागा. मी तुमच्या मालकिनीसाठी मागते."

"माझे शब्द संपलेत हो मावशी."

"नाव तर घेता येतंय न्हवं?"

तिने हात जोडले. "देवा, ह्यांची बायकू... काय नाव?"

"करुणा."

"करुणाला सुखरूप भायेर आन बाबा. ह्या मानसाला सवताचं जेवान बी घेता येत न्हाई."

मी "आमेन" म्हणालो. इतक्या मनापासून मी ते कधीच म्हणालो नसेन. मग मी म्हणालो, "प्रभू, नवनाथचा पाय." एवढंच. पाऊसपाणी नाही, सरकार नाही. तिने मान हलवली, म्हणजे पोहोचलं.

तिथून उठून मी जिन्याजवळच्या खिडकीपाशी गेलो आणि फोन लावला. "सलाम, पाळकसाहेब. एक चिठ्ठी वाचायची राहिली आहे."

"कुणाची?"

"माझी."

ते म्हणाले, "खिडकीजवळ आहात का? खाली बघा जरा."

खाली कडुनिंबाच्या झाडाखाली चटया अंथरल्या होत्या. महिला मंडळाच्या बायका, माझ्याबरोबर भजनं म्हणणारी दोघं तिघं, मधोमध चहाचा थर्मास आणि थर्मासशेजारी आबा. पंधरा-वीस जणं तरी असतील. पाळकसाहेब फोन कानाला लावून वर हात हलवत होते.

"आठ वाजल्यापासून आहोत," ते म्हणाले. "करुणाताईंनी गेल्या सोमवारीच घरी येऊन चिठ्ठी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, सगळ्यांना सांगा, फक्त ह्यांना सांगू नका. ह्यांनी बोलावलं की मगच वर जा."

"आणि मी बोलावलंच नसतं तर?"

"तेही विचारलं मी. म्हणाल्या, बोलावतील. त्यांना वेळ लागतो, पण बोलावतील."

मी खिडकीचा गज धरून उभ्या उभ्या रडलो. वर माझे शब्द संपले होते तेव्हा खाली प्रार्थना चालूच होती. मी सुरू करायची वाट कुणी बघत नव्हतं. छप्पर उकलून आपल्या आजारी मित्राला खाटेसकट प्रभूच्या पुढे सोडणाऱ्या चौघांची गोष्ट मी संडे स्कूलमध्ये कितीदा शिकवली असेल. दर वेळी मी स्वतःला त्या चौघांतला एक समजत आलो. खाटेवरचा माणूस मीही असू शकतो, हे मला सुचलंच नव्हतं.

वॉचमनने चौघांनाच वर सोडलं, त्यांत आबा होते. ते माझ्या शेजारी टेकले आणि कानाशी येऊन म्हणाले, "प्रार्थना मी करू का? मी लवकर आटपतो."

करुणा दुपारी बाहेर आली, तोवर मुलगीही येऊन पोहोचली होती. आठवड्याने रिपोर्ट आला, गाठ साधी होती. नवनाथच्या पायाची दोन बोटं गेली, पाय राहिला. देवाने एकीकडे पूर्ण का दिलं आणि दुसरीकडे थोडं का राखलं, हे मला माहीत नाही आणि माहीत असल्यासारखं मी बोलणार नाही. मावशी मात्र म्हणाली, "पाय हाय न्हवं? मंग चालंल." त्यांना घरी सोडेपर्यंत महिला मंडळाचे डबे आमच्या खाटेबरोबर त्यांच्याही खाटेपाशी जात राहिले. निघताना मी तिचं नाव विचारलं. "मागताना नवनाथची आई म्हना," ती म्हणाली. "देवाला कळतं."

करुणा पुन्हा चर्चमध्ये आली त्या रविवारी मी पेटी उघडली आणि चिठ्ठ्या वाचायला दुसऱ्याकडे दिल्या. त्यांत एक माझ्या अक्षरातली होती: 'मोळी जड आहे. हात लावा.' कुणाला अर्थ कळला, कुणाला नाही, पण प्रार्थना सगळ्यांनी केली. मी पहिल्यांदाच नुसता ऐकत बसलो. देवाचे आभार मानायला मला शब्द लागतात असं मी इतकी वर्षं समजत होतो. तो तर माझे शब्द संपायचीच वाट बघत होता की काय, असं कधी कधी वाटतं. ज्या हातांनी त्याने मला उचललं, त्यांतले काही झाडाखाली होते आणि दोन हात बाजरीच्या पिठाचे होते. ते सगळे त्याचेच होते, असं मी मानतो.

त्या दिवशी घरी आल्यावर करुणाने गॅसवर दूध ठेवलं. मी म्हणालो, "प्रार्थना करूया."

ती आली आणि माझ्यासमोर डोळे मिटून बसली. गॅस बंद न करता.

दूध उतू गेलं नाही.