बाप्तिस्म्याचा रिटेक

गेल्या महिन्यात आमच्या चर्चमध्ये एका तान्ह्या पोरीचा बाप्तिस्मा होता. पाळकांनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तिच्या कपाळावर पाणी घातलं. ती दचकून रडली, मंडळी ‘आमेन’ म्हणाली, आणि तेवढ्यात कॅमेरावाला ओरडला, “पाळकसाहेब, तुमचा हात आडवा आला. परत एकदा घ्या ना!”

लोक हसले. आणि बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो हे ठाऊक असूनही पाळकांचा हात खरोखरच पुन्हा पाण्याकडे वळला. मला शिसारी आली.

जग देवाला विसरलं म्हणून आम्ही दर रविवारी गळा काढून प्रार्थना करतो. जग निदान सरळ विसरलं तरी. आम्ही देवाला नीट लक्षात ठेवतो आणि फोटोत आडवा येतो म्हणून जरा बाजूला सरकायला सांगतो. उपास केला की स्टेटसला टाकायचा. आजाऱ्याच्या खाटेपाशी गुडघे टेकायचे, तेही कुणीतरी मोबाईल धरल्यावर. देवानं पाहिलं, एवढं आता आम्हाला पुरत नाही.

पोरीची आई नर्स आहे, फारशी बोलत नाही. तिनं पदरानं लेकीचं कपाळ टिपलं. “नको, पाळकसाहेब. झालाय तिचा बाप्तिस्मा,” म्हणाली आणि आपल्या बाकावर जाऊन बसली.

“आता अल्बममध्ये दाखवायचं काय?” तिच्या सासूबाई पुटपुटल्या.

काल तो अल्बम पाहिला. फुगे आहेत, भला मोठा केक आहे, आम्ही सगळे दात काढून उभे आहोत. बाप्तिस्मा तेवढा त्यात नाही. तेवढं एक बरं झालं.