एकाच नावाच्या दहा गोळ्या

रुग्णाने गोळी गिळली की यमुना गायकर त्याला तोंड उघडायला लावीत. जीभ वर, जीभ खाली, मग दोन्ही गाल आतून. समोर कोणीही असो, सवलत नसे. एकदा एका माजी सरपंचाने कुरकुर केली, "बाई, मी काय लहान हाय का?" त्या म्हणाल्या, "लहान असता तर इश्वास ठेवला असता, दादा. मोठी माणसं गोळी गालात धरतात अन् माझी पाठ फिरली की अंगणात थुंकतात." सरपंचांनी मुकाट्याने तोंड उघडले. गोळी गालात होती.

कोंडाणे लेण्यांच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका उपकेंद्रात त्या परिचारिका होत्या. ते उपकेंद्र ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राला जोडलेले होते, तिथे मी औषधनिर्माता होतो. औषधांचा साठा, त्यांचे वाटप आणि नोंदी हे माझे काम. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. मीही म्हणत असे. आम्ही बारा वर्षे एकत्र काम केले. त्या काळात मी त्यांची एकदाही स्तुती केली नाही, आणि त्यांनीही तशी अपेक्षा ठेवली नाही.

त्यांचे माहेर खालापूरकडचे. नोकरीची इतकी वर्षे झाली, तरी बोली तिकडचीच राहिली. बांधा ठेंगणा, चाल भरभर. काखेत बारा महिने छत्री. ती पावसासाठी कमी आणि वाडीतल्या कुत्र्यांसाठी जास्त.

प्रतिजैविकांविषयी त्यांची मते पक्की होती. ती माझ्या पुस्तकाशी जुळत. भाषा मात्र त्यांची स्वतःची असे. तीन दिवसांनी बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवणाऱ्या बायकांना त्या सांगत, "ताप उतरला म्हंजे नको असलेला पाव्हणा उंबऱ्यापतुर गेला. येशीबाहेर घालवून आल्याबगर दार लावायचं नाय." साध्या पडशासाठी इंजेक्शन मागणारा एक शेतकरी हटून बसला होता. "सुई मार ना गं बाई, लांबून आलोय." त्या म्हणाल्या, "सुई मारायला तू काय गोधडी हायेस? घरी जा, गरम पाणी पी, दोन दिस झोप."

त्या मलाही सोडत नसत. एकदा मला सर्दी झाली आणि मी कपाटातून अँटिबायोटिकची पट्टी काढली. त्या समोरच उभ्या होत्या. "साहेब, सर्दीला ही गोळी वळखत पन नाय. उगा तिला रिकाम्या घरात पाठवताय. खऱ्या कामाला बोलवाल तवा येनार नाय." मी पट्टी कपाटात परत ठेवली. औषधनिर्माणशास्त्राची पदविका माझ्याकडे होती, त्यांच्याकडे नव्हती.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

एका मासिक तपासणीत मला त्यांच्या पिशवीत वाटप न झालेल्या पट्ट्या सापडल्या. प्रत्येक पट्टीला रबराने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर मुलाचे नाव. चार मुले, सगळी डोंगरावरच्या एका ठाकरवाडीतली. नियम स्पष्ट होता: निदान झाले की त्याच दिवशी पूर्ण औषध घरच्यांच्या हाती द्यायचे आणि सही किंवा अंगठा घ्यायचा. मी जाब विचारला.

"मी सोता चढते, साहेब. सकाळी एक गोळी, सांजच्याला एक. माझ्या हातानं पाजते."

"का? घरचे देऊ शकत नाहीत?"

"वाडीत वाटून खातात. ससा गावला तरी सोळा घरी वाटा जातो. एकाच्या घरी वस्तू आली आणि शेजारचं पोर बघत बसलं, तर त्यांना ते पाप वाटतं. औषीद पन वस्तूच ना."

"समजावून सांगा."

"सांगते ना. माना डोलवतात. मग वाटतात."

मी म्हणालो, उद्या तुम्ही आजारी पडलात तर चारही मुलांचे औषध चुकेल. त्या म्हणाल्या, "मग मी आजारी पडत नाय." हे उत्तर नियमात बसणारे नव्हते. यापुढे पूर्ण औषध पहिल्याच दिवशी घरी द्यावे, असे मी त्यांना लेखी कळवले. पत्रावर वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही घेतली. मजकूर माझा होता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्याच वाडीतली एक मुलगी तापाने फणफणली. वय अडीच वर्षे, श्वास जलद, छातीत घरघर. न्यूमोनिया. तिच्या आईला मी इथे जनी म्हणतो. ते तिचे खरे नाव नाही. सिस्टरांनी पत्राप्रमाणे केले. पाच दिवसांच्या दहा गोळ्या जनीच्या हाती दिल्या. चमच्यात उकळून गार केलेले पाणी घेऊन त्यात गोळी कशी विरघळवायची ते करून दाखवले. तीन वेळा बजावले, "ह्या धाच्या धा तुझ्या पोरीच्या. दुसऱ्याला एक पन नाय." अंगठा घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्यांना लसीकरणासाठी दुसऱ्या गावी नेमले होते. औषध देऊन झाले असल्याने वाडीत जाण्याचे कारण कागदोपत्री उरले नव्हते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लसीकरण आटोपून, कोणी सांगितले नसताना, त्या वाडीत चढल्या. मूल निपचित होते. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. त्यांनी पट्टी मागितली. पट्टी रिकामी होती.

जनीने सांगितले त्यात लपवाछपवी नव्हती; उलट थोडा अभिमानच होता. "पयल्या दिशी हिला बरं वाटलं, बाई. हसली पन. मंग बाकीची चार पोरं खोकत व्हती, त्यांना कसं नाय म्हनू? दोन-दोन दिल्या पाचांना. कुनाला कमी-जास्त नाय केलं."

पाच मुले आणि दहा गोळ्या. तिचा हिशेब चुकला नव्हता.

सिस्टरांनी मुलीला पाठीशी बांधले आणि त्या उतरल्या. मी केंद्राचे दार बंद करण्याच्या बेतात होतो. डॉक्टरांनी प्राणवायू लावला, इंजेक्शन दिले आणि रुग्णवाहिकेने मोठ्या रुग्णालयात पाठवले. सिस्टर आणि जनी बरोबर गेल्या. मूल वाटेतच गेले. पूर्ण औषध मिळाले असते तर ती जगलीच असती, असे कोणी डॉक्टर लिहून देणार नाही. मीही देत नाही. पण मला माझे मत आहे.

चौकशी झाली. सिस्टरांकडून लेखी खुलासा मागवला. त्यांनी चार ओळी लिहिल्या: औषध दिले, पद्धत दाखवली, अंगठा घेतला, पाठपुरावा करता आला नाही. माझ्या पत्राचा उल्लेख नव्हता. वरिष्ठांनी त्यांच्या सेवापुस्तकात "पाठपुराव्यात हयगय" असा शेरा मारला. ते पत्र मी दाखवू शकलो असतो; त्याची प्रत माझ्या खणात होती. मी खण उघडला नाही.

पुढच्या तपासणीला त्यांनी पिशवी माझ्यासमोर उघडून ठेवली. आत चिठ्ठ्या बांधलेल्या तीन पट्ट्या होत्या. मी वहीत "साठा तपासला, बरोबर आहे" असे लिहिले आणि पिशवी त्यांच्याकडे सरकवली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्या दिवसातून दोनदा ती वाडी चढत राहिल्या. वाडीतल्या सगळ्यांना बसवून सांगत, "भाकर वाटा, मासळी वाटा, वाटलं तर माझी छत्री पन वाटा. ही गोळी वाटली की ती कुनाचीच राहत नाय. एकालाच पुरी पडते." लोक हळूहळू ऐकू लागले.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे मूत्रपिंड निकामी होत चालल्याचे कळले, म्हणून मी खालापूरकडे त्यांच्या घरी गेलो. चेहरा सुजलेला होता. मी सांगितले की त्या पत्राविषयी मी बोलायला हवे होते.

"काय झालं असतं?" त्या म्हणाल्या. "शेरा माझ्यावरून उठून तुमच्यावर बसला असता. पोर थोडीच आली असती."

मग त्या पुढे म्हणाल्या, "साहेब, एक सांगते. जनीला मी बोलले नाय. ती रुग्णवाहिकेत विचारत व्हती, बाई, माझं काय चुकलं का? मी सांगितलं, आजार लई मोठा व्हता गं, औषीद पुरलं नसतंच. तुमच्यासमोर कदी ती आली, तर तुमी पन तेच सांगा. तुमची सवय मला ठाव हाय. खरं सांगून मोकळे व्हाल."

मी म्हणालो, बघतो.

महिनाभरात त्या गेल्या. दहाव्याला मी गेलो. नदीवर वाडीतली पंधरा-वीस माणसे आली होती. दोन गाड्या बदलून, अनवाणी. विधी उरकल्यावर जनी माझ्याकडे आली. केस पांढरे होऊ लागले होते. तिने मला ओळखले याचे मला नवल वाटले.

"तुमी दवाखान्यातले औषीदवाले साहेब ना?"

मी हो म्हणालो.

तिने पाण्याकडे पाहिले. मग म्हणाली, "बाई आमाला दर साली सांगायच्या, गोळी वाटायची नाय. मी सगळ्यांच्या मागं बसून आयकायची. मला कायबाय वाटायचं. पन बाई म्हनायच्या, तुझ्या पोरीचा आजारच मोठा व्हता. तुमाला औषीदाचं समजतं. खरं हाय ना, साहेब?"

त्या पिशवीची नोंद सोडली, तर नोकरीच्या चौतीस वर्षांत मी एकही खोटी नोंद केली नव्हती.

"खरं आहे," मी म्हणालो. "आजार मोठा होता."

तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला की नाही, ते मला कळले नाही. ती वाडीच्या माणसांत जाऊन बसली, आणि मी गाडी पकडण्यासाठी चढणीला लागलो.