उघड्या मुठींचा शेजारी

"काका, काही नाही, थोडं स्वेलिंग आहे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मग डोळा पार मिटलेला असो, नाहीतर गुडघा भोपळ्यासारखा फुगलेला असो.

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये तो खालच्या मजल्यावर एकटा राहायचा. जन्म इथलाच. आईवडील मूळचे नागपूरचे, पण दोघंही गेलेले. त्याचा खेळ मिक्स्ड मार्शल आर्ट्स, त्यातही ठोसे कमी आणि कुस्ती जास्त. समोरच्याला खाली पाडायचं आणि तो हार मानेपर्यंत सोडायचं नाही. तुम्ही पाहिलं असतंत तर त्याला शाळामास्तर समजला असतात. कान तेवढे चुरगळलेल्या कागदासारखे.

चाळिशी आली तशी तरुण पोरं त्याच्या पकडीतून निसटू लागली आणि सामन्यांची बोलावणी थांबली. मग एकदा पार्किंगमध्ये त्याने सांगितलं, आता ग्लव्ह्ज न घालता बॉक्सिंग करणार.

"अरे, या वयात? आणि उघड्या मुठींनी?"

"त्यांनी बोलावलं, काका. बाकी कोणी फोनच नाही करत."



सामन्याला मी गेलो. त्याने दुसऱ्या कोणाला विचारलंच नव्हतं. तिथे खाली पाडायला बंदी. दोन ठोसे बसले की तो सवयीने समोरच्याला मिठी मारायचा, रेफरी सोडवायचा, लोक हुर्यो उडवायचे. शेवटी भुवई फाटली आणि डॉक्टरने सामना थांबवला. टाके घालताना नर्सने विचारलं, घरचं कोणी आहे का. त्याने माझ्याकडे बोट केलं. "माय अंकल."

दुसऱ्या दिवशी त्याची बोटं वळत नव्हती. माझी बायको वरणभात घेऊन खाली गेली. त्याला चमचा धरता येईना, तेव्हा तिने भरवलं. पोट भरल्यावरही तो "काकू, अजून थोडा" म्हणत राहिला. तिला ते कळत होतं. ती बसून राहिली.

हिवाळ्यात तो पुढच्या सामन्यासाठी फ्लोरिडाला गेला आणि तिकडेच राहिला. आधी फोन यायचे, मग बंद झाले. तो पुन्हा हरला, एवढं इंटरनेटवर कळलं.

परवा मीच फोन लावला. त्याचा इंग्रजीतला रेकॉर्ड केलेला आवाज आला, मग बीप. "जेवलास का रे?" एवढंच म्हणालो, आणि लाइन आपोआप कट होईपर्यंत फोन कानाला धरून बसलो.