पाद्र्याला कुणी सांगितलं?

माझे वडील, आण्णा, मांजरी गावात दुसऱ्यांच्या उसाला पाणी द्यायचे, आई खुरपायला जायची. पत्र्याच्या एका खोलीत आम्ही पाच जण. शाळेत आण्णा कधी गेलेच नव्हते. रडगाणं म्हणून सांगत नाही. होतं ते असं होतं.

मी मात्र एम.ए.पर्यंत पोचले आणि प्रबंधाला युरोपातला एक मध्ययुगीन पाद्री निवडला. मठात बसून त्याने आपल्या देशातल्या चर्चचा इतिहास लिहिला होता. वाचताना मला तहान-भूक सुचत नव्हती.

मार्गदर्शक सर पेठेतले. म्हणाले, "मांजरीहून थेट मठात? छान. पण आपण नवीन काय सांगणार? सोमवारी सांगा, नाहीतर किल्ल्यांवरचा एखादा विषय घ्या. त्या रांगेत जागा नेहमीच असते."

शनिवारपर्यंत काही सुचेना. संध्याकाळी आण्णांना पाद्र्याची गोष्ट सांगितली. त्याच्याही दोनशे वर्षं आधीचे राजे, त्यांचे धर्मगुरू, सगळं.

"ह्यो तवा व्हता का?"

"नव्हता."

"मग त्याला सांगितलं कुणी?"

"पुस्तकात आहे ना, आण्णा."

"आगं, आपला हेळवी वंशावळीची वही वाचाया येतो, तवा आधी म्हाताऱ्यांना म्होरं बसवतो. त्यांनी मान हलवली की मगच फुडचं नाव. तुज्या पाद्र्याचं म्हातारं कोण हाय?"

मी पुस्तकाची प्रस्तावना काढली. परीक्षेला येत नाही म्हणून ती आम्ही सगळेच सोडून द्यायचो. तिथं पाद्र्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं: हे अमक्या मठाधिपतीने सांगितलं, हे पत्रांतून कळलं, हे त्या गावच्या वृद्धांकडून. रविवारभर वहीत रकाने पाडले: कोणती घटना, कुणी सांगितली. संध्याकाळी एक गोष्ट डोळ्यांत भरली. ज्या लोकांवर पाद्र्याचा राग, त्यांच्याविषयी लिहिताना सांगणाऱ्याचं नाव गायब. नुसतं 'असं म्हणतात'.

सोमवारी सरांनी वही दोनदा चाळली. "हे कुठं वाचलंत?"

"वाचलं नाही सर. वडिलांनी विचारलं म्हणून शोधलं."

"ते कुठल्या कॉलेजात असतात?"

"उसात."

सरांनी चष्मा काढून पुसला आणि विषयाच्या अर्जावर सही केली. "त्यांना आणखी काही विचारायचं असेल, तर मला कळवा."

त्याच विषयावर मी पहिल्या वर्गात एम.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि पहिली एम.ए.ही मीच.