झुल्याखालचा बँड

सर्कशीच्या बँडकडे कोणी बघत नाही, सगळे वर बघत असतात. आम्हाला मात्र खालचं सगळं दिसतं, म्हणून किस्से साठत जातात. मी ट्रंपेटवाला. ड्रमवर अब्बासभाय, गुहागरकडचे. यंदा तंबू रत्नागिरीत पडला आणि त्याच आठवड्यात आखातात युद्ध पेटलं. इथे दर घराआड एक माणूस आखातात. तंबू भरणार कसा, डोंबल!

*

मालक म्हणाले, "युद्धाचे दिवस आहेत, जोशात मार्च वाजवा." वाजवला. पण आमची कुत्री नाचतात ती ठरलेल्या चालीवर. मार्च सुरू झाला आणि सगळी ओळीने खाली बसली. मालक आमच्यावर भडकले.

अब्बासभाय म्हणाले, "शेठ, त्यांना लढाई नको असेल."

*

जोकरच्या तोफेचा आवाज म्हणजे अब्बासभायांचा मोठा ड्रम. एकदा खेळ संपल्यावर एक आजी बँडपाशी आल्या.

"बाबांनो, तेवढा धडाम नको हो. जावई कुवेतला आहे माझा. घरी टीव्हीवर दिवसभर तेच चाललंय."

पुढच्या खेळाला भायांनी काडीने नुसतं टिक केलं. तोफ फुसकी निघाली, पोरं खदखदून हसली. जोकर मात्र आठवडाभर आमच्याशी बोलला नाही.

*

भायांचा मुलगा इरफान मालवाहू जहाजावर, तिकडेच आखातात. बरेच दिवस त्याचा फोन नव्हता. भाय शेजारच्या स्टुलावर मोबाईल ठेवूनच वाजवायला बसायचे. मला फार वाईट वाटायचं, माझीही नजर त्या मोबाईलकडे जायची.

आता झुल्याचा नियम असा, की मुलगी वर असेपर्यंत ड्रम थांबवायचा नाही. त्या ठेक्यावरच ती हात सोडते. ठेका चुकला तर ती चुकली.

त्या संध्याकाळी मनीषा वर झुल्यावर होती आणि मोबाईल वाजला. घरचा फोन. भाय म्हणाले, "तू घे."

घेतला. भाभी नुसत्या रडत होत्या. मग दुसऱ्याच कोणीतरी फोन घेऊन सांगितलं, जहाज पेटलं, इरफान गेला.

भायांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ठेका हलला नाही.

मनीषा खेळ संपवून जाळीत पडली, जमिनीवर उतरली, हात वर केले. टाळ्या झाल्या. आम्ही वाद्यं खाली ठेवली. ड्रम चालूच. मालक लांबून हातवारे करत होते, "बस, बस." भाय बघतही नव्हते.

मनीषाने एकदा आमच्याकडे पाहिलं. मग ती वळली आणि पुन्हा शिडी चढायला लागली.