गुरुजींची गाडी आणि खुर्चीवरची देवी

गॅरेजच्या कोपऱ्यातल्या डब्यात जुने नटबोल्ट साठतात ना, तसे आमच्या घरात किस्से साठलेत. फेकवत नाहीत! जालन्यात मस्तगडला पुढे यांचं गॅरेज अन् मागे आमचं घर, त्यामुळे चहा देता देता सगळं कानावर पडायचं. मोबाइल यायच्या आधीच्या काळातले, गुरुजींच्या गाडीचे हे काही.

*

गुरुजी पिंपळगाव रेणुकाईचे रिटायर मास्तर. हौसेनं एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. एकुलत्या एका शोभाला शब्द दिलेला, "सासरी माझ्याच गाडीतून पाठवीन." लग्न ठरलं, अन् इंजिन तापायला लागलं!

पहिल्यांदा आले तेव्हा चष्म्यापासून धोतरापर्यंत ओलेचिंब. उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडलं होतं. नशीब, भाजलं नाही.

"गुरुजी, गरम असताना झाकण उघडायचं न्हाई!" हे ओरडलेच.

"माहीत आहे. वाफेची शक्ती मीच शिकवायचो," गुरुजी चष्मा पुसत म्हणाले. "प्रयोग आज पहिल्यांदा केला!"

*

उन्हाळ्यात आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, अन् ही गाडी एका बैठकीत दोन कळशा प्यायची. शेवटची कळशी उचलताना मी थबकले.

"पाहुण्याला पाणी न्हाई म्हणायचं का?" हे म्हणाले.

"पाहुणे एक पेला पितात. ही तर मुक्कामालाच येऊन राह्यलीय!"

*

यांनी पंखा पाहिला, पट्टा पाहिला, पंप बदलला. गाडी तापतेच. मी भीतभीत म्हटलं, "आपल्या बंबात बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसतो, तसं काही असंल का?"

"अगं, रेडिएटर आहे हा. बंब न्हाई."

संध्याकाळी मात्र गुपचूप खोलला. आतल्या नळ्या पांढऱ्याफटक!

गुरुजींनी तो थर बोटावर घेऊन पाहिला. "पस्तीस वर्षं खडूनं पाठ सोडली न्हाई, मिस्त्री. आता इथंबी आला!"

*

रेडिएटर साफ झाला. गुरुजींनी आनंदानं गाडीच्या तोंडावर, नेमकी जाळीवर, हातभर टिनाची पाटी लावली: 'श्री रेणुकामाता प्रसन्न'. चार दिवसांनी गाडी पुन्हा उकळत हजर!

गॅरेजात आल्यावर गुरुजी आधी पाटी सोडवायचे. ग्रीसचे हात देवीला लागू नयेत म्हणून. मी खुर्ची आणायची, देवीला खुर्चीवर बसवून हळदकुंकू वाहायचं, मगच बोनेट उघडायचं. हे गाडी एमआयडीसीपर्यंत पळवून आणायचे. थंडगार! गुरुजी पाटी लावून गावाकडे निघायचे, अन् वाटेतलं राजूर यायच्या आत वाफ!

तीनदा असंच झालं. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "मिस्त्री, गाडी तुम्हाला भिऊन राह्यली!"

लग्न सहा दिवसांवर आलेलं. वरपक्षानं जीप सांगून ठेवली होती. हे जेवायलाही गॅरेजातून उठेनात.

चौथ्यांदा देवीला खुर्चीवर टेकवून मी मागे वळले, तर समोर गाडीची उघडी जाळी.

"अहो, देवी खुर्चीवर असली की गाडी थंड राहते!" मी यांच्या कानात सांगितलं.

हे माझ्याकडे बघत राहिले, मग देवीकडे. "बराबर आहे. वाराच लागत न्हाई इंजिनाला. पण गुरुजींना सांगायचं कोणी?"

कोणी म्हणजे? मीच!

गुरुजींनी खुर्चीवरची पाटी हातात घेतली. "म्हणजे देवीमुळं गाडी तापती?"

"न्हाई हो गुरुजी. रस्त्याची सगळी धूळ तोंडावर घेत ती बिचारी उभी. तिला आत बसवा की."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं पाटी पुसली. "वरपक्षाला कळवतो, जीप नको."

*

पाठवणीला गाडी निघाली. मागच्या सीटवर एका बाजूला शोभा, दुसऱ्या बाजूला करवली, मधे देवी. जावई पुढे गुरुजींशेजारी, मांडीवर पाण्यानं भरलेली कळशी! गुरुजींचा अजून भरवसा नव्हता. हे स्कूटरवर मागे.

जालन्याला सासर येईपर्यंत गाडीला थेंबभर पाणी लागलं नाही. सांडलं तेवढं जावयाच्या सुटावर!

मांडवपरतणीला हीच गाडी न्यायला येणार होती. आदल्या दिवशी जावई एकटेच गॅरेजात आले. यांनी हातातला पाना खाली ठेवला. "पुन्हा तापली का काय?"

"न्हाई न्हाई, बिलकुल न्हाई."

चहा घेतला. इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मिस्त्री, देवीची पाटी मागच्या काचेपाशी बसंल का हो?"